अमेरिकेत घराच्या वायरिंगला नेमका कोणता कोड लागतो, आणि तो लावतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत बेसमेंटचं काम चालू आहे. शेजाऱ्यांनी २०२१ मध्ये परमिट काढून अगदी असंच बेसमेंट केलं, त्यांचे साधे आउटलेट (प्लग खुपसायचे सॉकेट) पास झाले. तुमच्या रिपोर्टवर मात्र टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने 'कलम २१०.८, बेसमेंटमधल्या सगळ्या आउटलेटना जीएफसीआय' असा शेरा मारलाय (जीएफसीआय म्हणजे जमिनीकडे थोडा प्रवाह गळला तरी वीज तोडणारं संरक्षण). शिकागोचा मित्र म्हणतो, आमच्याकडे केबल चालतच नाही, सगळं पाइपातून. टेक्सासमध्ये शहराबाहेर राहणारा चुलतभाऊ म्हणतो, आमच्याकडे कुणी बघायलाच आलं नाही. त्यात कोडचं, म्हणजे वायरिंगच्या नियमांचं, २०२६ चं नवीन पुस्तक बाजारात आलंय. मग खरं कुणाचं? आणि जाता जाता भारतातून आणलेली घरघंटी इथे कशी चालवायची, हेही विचारलंय.

चौघांचंही खरं आहे. गोंधळ होतो तो 'अमेरिकेचा कोड' नावाची एकच गोष्ट आहे असं धरून चालल्यामुळे. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम (आधी २०१० चे, मग २०२३ चे) नागपूरला आणि पणजीला एकच लागतात, त्यामुळे आपल्याला तशी सवय असते. इथे तसं नाही.

नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे एनईसी, हा सरकारी कायदा नाही. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही खासगी, ना-नफा संस्था ते पुस्तक काढते. पहिली आवृत्ती १८९७ ची. या संस्थेकडे ते १९११ पासून आहे. हल्ली दर तीन वर्षांनी नवीन आवृत्ती येते: २०१७, २०२०, २०२३, २०२६. पुस्तक छापलं गेलं म्हणून कुणावरही बंधन येत नाही. राज्याने किंवा शहराने 'अमुक आवृत्ती, अमुक बदलांसह, अमुक तारखेपासून' असा नियम काढला की त्या हद्दीत तो कायदा होतो. त्यामुळे कुठल्याही वादात आधी तीन गोष्टी विचारायच्या: आवृत्ती कोणती, स्थानिक बदल कोणते, आणि तुमच्या परमिटला लागू होणारी तारीख कोणती. निम्मे वाद यातल्या तिसऱ्या प्रश्नावरच मिटतात. तुमचाही तिथेच मिटेल.

न्यू जर्सीने २०२० ची आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये लागू केली. त्याआधी २०१७ ची होती. २०१७ च्या पुस्तकात बेसमेंटच्या आउटलेटना जीएफसीआय लागायचं, पण फक्त अर्धवट, न राहण्याजोग्या बेसमेंटला. भिंती-छत करून खोली बनवली की ती अट सुटायची. २०२० मध्ये 'अर्धवट' हा शब्दच काढून टाकला, म्हणून आता खोली पूर्ण असो वा नसो, बेसमेंट म्हटलं की जीएफसीआय. शेजाऱ्यांचं परमिट २०२१ चं, म्हणजे जुन्या आवृत्तीखालचं. त्यांचं काम तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. तुमचा इन्स्पेक्टरही बरोबर आहे. तुम्हाला २०२६ चं पुस्तक घ्यायची गरज नाही; तुमच्या परमिटवर जी आवृत्ती लागते तिच्याबाहेरची मागणी तो करू शकत नाही.

तारखेबद्दल एक बारकावा. न्यू जर्सीत नवीन आवृत्ती लागू झाली की सहा महिन्यांची सवलत मिळते. त्या काळात पूर्ण अर्ज देणारा जुनी आवृत्ती निवडू शकतो. 'पूर्ण' हा शब्द इथे महत्त्वाचा. अर्धा भरलेला फॉर्म किंवा नकाशाशिवाय दिलेला अर्ज शेवटच्या दिवशी खिडकीवर टाकला तर तो धरत नाहीत. मोठं काम असेल आणि आवृत्ती बदलायच्या बेतात असेल, तर कागद दोन महिने आधी तयार ठेवावेत. शिवाय मिळालेलं परमिट वर्षभरात काम सुरू केलं नाही किंवा सहा महिने काम बंद पडलं तर संपतं. मग नव्याने अर्ज, आणि नव्या तारखेची आवृत्ती. बेसमेंट 'जमेल तसं शनिवार-रविवारी' करणाऱ्यांचं इथेच फसतं.

आता राज्याराज्यांतला फरक. न्यू जर्सीचा यूनिफॉर्म कन्स्ट्रक्शन कोड १९७५ च्या कायद्यावर उभा आहे आणि नावाप्रमाणे तो राज्यभर एकच आहे. एडिसनला एक आणि जर्सी सिटीला दुसरा असं होत नाही. टाउनशिप फक्त अंमल करते, स्वतःची कलमं घालू शकत नाही. इलिनॉयमध्ये मात्र शहरांच्या हाती बरंच असतं, आणि शिकागोचा स्वतःचा इलेक्ट्रिकल कोड आहे. २०१८ मध्ये त्यांनी तो एनईसी २०१७ च्या चौकटीत बसवला, पण घरातही धातूच्या पाइपातून वायर ओढायची जुनी अट ठेवली. न्यू जर्सीत सर्रास वापरली जाणारी प्लास्टिक आवरणाची केबल तिथे चालत नाही. आसपासच्या अनेक उपनगरांतही हाच प्रकार. मित्र खोटं बोलत नाही.

न्यूयॉर्क शहराने एनईसी २००८ वर आधारलेला आपला कोड २०११ पासून चालवला, आणि २०२० च्या आवृत्तीवर आधारलेला नवीन कोड डिसेंबर २०२५ मध्ये आणला. म्हणजे हडसन नदीच्या एका काठावर २०२० आणि दुसऱ्या काठावर २००८, अशी तीनेक वर्षं गेली. कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतःचा इलेक्ट्रिकल कोड असतो, तो दर तीन वर्षांनी १ जानेवारीला बदलतो. १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला कोड एनईसी २०२३ वर आधारलेला आहे. तिथल्या शहरांना बदल करायचा असेल तर हवामान, भूगर्भ किंवा भूरचना यांचं कारण लेखी द्यावं लागतं. मॅसॅच्युसेट्स सगळ्यांत घाईचं राज्य. २०२३ ची आवृत्ती तिथे फेब्रुवारी २०२३ मध्येच लागू झाली. उलट नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ मध्ये कायदा करून घरांच्या कोडचं चक्र सहा वर्षांवर नेलं. पेनसिल्व्हेनियात बऱ्याच गावांत इन्स्पेक्टर गावाचा नोकर नसतोच, खासगी एजन्सीचा असतो.

टेक्सासचं गणित वेगळं. २०२३ ची आवृत्ती राज्याने १ सप्टेंबर २०२३ पासून घेतली, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला ती राज्यात कुठेही पाळावी लागते. पण परमिट देणं आणि येऊन तपासणं हे शहरांचं काम. शहराच्या हद्दीबाहेर बहुतेक ठिकाणी तपासायला माणूसच नाही. चुलतभावाच्या घराला कोड लागू आहे, फक्त तो कुणी मोजत नाही. पुढे आग लागून विम्याचा दावा झाला तर मोजतील.

उशीर का होतो, हेही समजून घ्यावं, कारण त्याला निव्वळ सरकारी आळस म्हणून चालत नाही. प्रत्येक नव्या कलमामागे खर्च असतो. बिल्डरांच्या संघटना तो मांडतात, उपकरणं बनवणारे उलट बाजूने जोर लावतात, इन्स्पेक्टरांना शिकवायचं असतं, आणि इमारतीच्या बाकीच्या कोडांशी मेळ घालायचा असतो. यात आणखी एक गुंता आहे. घरांसाठीचा आंतरराष्ट्रीय रेसिडेन्शियल कोड स्वतःच्या पोटात विजेची प्रकरणं घेऊन येतो, आणि ती एनईसीमधूनच उचललेली असतात: २०२१ च्या रेसिडेन्शियल कोडात एनईसी २०२०, तर २०२४ च्यात एनईसी २०२३. एखाद्या गावाने घरासाठी एक पुस्तक आणि दुकानासाठी दुसरं घेतलं असेल, तर एकाच रस्त्यावर दोन आवृत्त्या चालतात. म्हणून चौकशी करताना 'एका कुटुंबाचं घर' असं स्पष्ट सांगून विचारा.

घाई केली तर काय होतं, याचा उत्तम नमुना म्हणजे बाहेर बसवलेल्या एसीचं प्रकरण. २०२० च्या आवृत्तीत २१०.८ ला नवीन उपकलम आलं: घराबाहेरच्या, ५० अँपियरपर्यंतच्या उपकरणांच्या जोडणीलाही जीएफसीआय हवं. हेतू चांगला होता. पण इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमधून वारंवारता बदलताना जमिनीकडे थोडा उच्च वारंवारतेचा प्रवाह झिरपतो, तो दोष नसून त्या यंत्राच्या रचनेचा भाग असतो. जीएफसीआयला तो फरक कळत नाही. ४ ते ६ मिलिअँपियर तफावत दिसली की तो तोडतो. (आपल्याकडच्या घरगुती आरसीसीबीचा, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या ब्रेकरचा, आकडा साधारण ३० असतो, त्यावरून हा किती नाजूक ते कळेल.) ज्या राज्यांनी आवृत्ती जशीच्या तशी उचलली तिथे ऐन उन्हाळ्यात एसी बंद पडू लागले. टेक्सासने २०२१ मध्ये ही अट एसीपुरती १ जानेवारी २०२३ पर्यंत पुढे ढकलली. शेवटी २०२३ च्या पुस्तकातच अशा मान्यताप्राप्त उपकरणांना १ सप्टेंबर २०२६ पर्यंत सूट छापली गेली. स्थानिक बदलांचा कागद वाचल्याशिवाय मूळ पुस्तक वाचून उपयोग नाही, तो यासाठी. पुस्तक स्वतः त्या संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट वाचता येतं. न्यू जर्सीचे बदल राज्याच्या कम्युनिटी अफेअर्स खात्याच्या पानावर मिळतात. दोन्ही शेजारी शेजारी उघडून वाचा.

अंमल कसा होतो ते तुमच्या बेसमेंटच्या क्रमाने सांगतो.

घर एका कुटुंबाचं असेल आणि तुम्ही स्वतः त्यात राहत असाल, तर न्यू जर्सीत मालकाला स्वतःचं वायरिंग करता येतं. तसं लिहून सही द्यावी लागते. नाहीतर राज्याचा परवाना असलेला इलेक्ट्रिकल कंत्राटदार लागतो. हँडीमन चालत नाही, आणि 'परमिट तुमच्या नावावर काढा, काम मी करतो' म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहा. उद्या जबाबदारी सही करणाऱ्याची. विजेसाठी एफ-१२० क्रमांकाचा फॉर्म असतो. त्यात आउटलेट, स्विच, दिवे, स्मोक डिटेक्टर यांची संख्या लिहायची, फी त्यावर ठरते. संख्या कमी लिहून फी वाचवू नका. इन्स्पेक्टर आल्यावर मोजतो.

पहिली तपासणी 'रफ'. बॉक्स ठोकलेले, केबल ओढलेली, पण इन्सुलेशन आणि ड्रायवॉल (भिंतीला ठोकायचे जिप्समचे तक्ते) नाही. अर्थिंगच्या तारा या टप्प्याला एकमेकींना जोडून तयार हव्यात, नुसत्या लोंबत ठेवल्या तर परत पाठवतात. विनंती केल्यावर तीन कामकाजी दिवसांत इन्स्पेक्टर येणं अपेक्षित आहे. लाल स्टिकर लागला तर घाबरायचं कारण नाही. दुरुस्त करायचं आणि परत बोलवायचं. घाबरायचं ते तपासणीआधी भिंत बंद केली तर. मग भिंत फोडायला लावतात आणि तो हट्ट नसतो, आत काय आहे ते त्याला दिसायलाच हवं.

रफला सर्वांत जास्त अडतं ते केबलच्या बांधणीवर. आत क्लॅम्प असलेल्या बॉक्सपासून १२ इंचांच्या आत, आणि क्लॅम्प नसलेल्या एकेरी प्लास्टिक बॉक्सपासून ८ इंचांच्या आत पहिली स्टेपल हवी. पुढे दर साडेचार फुटांना एक. स्टडमधून, म्हणजे भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडातून, भोक पाडताना भोकाची कड स्टडच्या काठापासून किमान सव्वा इंच आत हवी. तेवढी जागा नसेल तर एक-सोळांश इंच जाडीची लोखंडी पट्टी ठोकायची, म्हणजे ड्रायवॉलचा स्क्रू केबलमध्ये घुसणार नाही. बॉक्समध्ये केबलचं बाहेरचं आवरण किमान पाव इंच आत आलेलं दिसलं पाहिजे, आणि आतून निघालेली मोकळी तार किमान ६ इंच. स्वतः काम करणारे तार आखूड कापतात. मग आउटलेट बसवताना ओढाताण होते आणि स्क्रूखालची जोड सैल राहते. आगीची सुरुवात अशाच सैल जोडीपाशी होते.

बॉक्सची जागा हा हिशोब लोक करतच नाहीत, म्हणून एकदा करून दाखवतो. १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तशी तार जाड) प्रत्येक तारेला सव्वादोन घन इंच. दोन केबल आल्या तर काळ्या-पांढऱ्या मिळून चार तारा, म्हणजे ९. अर्थिंगच्या सगळ्या तारा मिळून एकच धरायची, म्हणजे २.२५. आउटलेट दोन तारांच्या बरोबरीचा, ४.५. आतले क्लॅम्प सगळे मिळून एक, २.२५. बेरीज बरोबर १८. बाजारात मिळणारा १८ घन इंचाचा एकेरी बॉक्स इथे पूर्ण भरला. त्यात पुढच्या खोलीसाठी तिसरी केबल घुसवली की आणखी ४.५, म्हणजे साडेबावीस, आणि नापास. उपाय सोपा: सुरुवातीलाच खोल बॉक्स घ्यावेत. २० अँपियरच्या ब्रेकरवर १२ गेज, १५ वर १४ गेज. २० च्या सर्किटवर कुठेतरी उरलेला १४ गेजचा तुकडा जोडलेला दिसला की इन्स्पेक्टरचा बाकीच्या कामावरचाही विश्वास उडतो.

आउटलेटमधलं अंतर असं मोजतात: भिंतीलगतच्या कुठल्याही बिंदूपासून ६ फुटांत आउटलेट हवा, म्हणजे दोन आउटलेटमध्ये जास्तीत जास्त १२ फूट. २ फूट किंवा त्याहून रुंद भिंतीचा तुकडाही भिंतच धरतात. दारामागचा छोटा तुकडा विसरणं ही नेहमीची चूक.

आपल्या लोकांच्या बेसमेंटात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे पॅनेलभोवती (ब्रेकरच्या मुख्य पेटीभोवती) केलेली खोली. पॅनेलसमोर ३० इंच रुंद, ३६ इंच खोल, साडेसहा फूट उंच जागा कायम मोकळी हवी. तिथे तांदळाची पोती, सूटकेसचा ढीग, कपाट, देवघर, काहीच चालत नाही. कपड्यांच्या क्लोजेटमध्ये आणि बाथरूममध्ये तर पॅनेल आणताच येत नाही. नकाशा काढतानाच आर्किटेक्टला सांगा, कारण रफला हे निघालं तर अख्खी भिंत सरकवावी लागते.

फायनल तपासणीला तो आउटलेट टेस्टर खुपसून बघतो, जीएफसीआयची बटणं दाबतो, लहान मुलांसाठीच्या आतल्या झडपेचे टॅम्पर-रेझिस्टंट आउटलेट आहेत का पाहतो, पॅनेलवर प्रत्येक ब्रेकरसमोर स्पष्ट लिहिलंय का पाहतो. 'बेसमेंट' असं चार ब्रेकरांसमोर लिहून चालत नाही. ब्रेकरच्या स्क्रूला कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळलं का, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. २०१७ पासून ते पुस्तकात आहे. प्रत्यक्षात विचारणारे कमी, पण स्वतः करणाऱ्याने टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्यावाच.

तुमची दुरुस्ती कशी करायची? भिंती उघडण्याची गरज नाही. दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक सर्किटमधला पॅनेलपासून पहिला आउटलेट शोधून तिथे जीएफसीआय आउटलेट बसवायचा आणि पुढची केबल त्याच्या 'लोड' लिहिलेल्या स्क्रूंना जोडायची. चुकून 'लाइन'ला जोडली तर पुढचे आउटलेट चालतील पण संरक्षण मिळणार नाही, आणि टेस्टर ते लगेच दाखवेल. दोन, पॅनेलमध्ये ब्रेकर बदलायचा. राहत्या खोल्यांच्या सर्किटला ठिणगी ओळखणारं एएफसीआय लागत असेल तर दोन्ही कामं एकत्र करणारा ड्युअल-फंक्शन ब्रेकर घ्या, पॅनेलच्याच कंपनीचा आणि त्या पॅनेलसाठी मान्य असलेला. त्याआधी एक तपासा: दोन सर्किटांनी एकच पांढरी न्यूट्रल वाटून घेतली आहे का? तसं असेल तर दोन सुटे एक-पोल ब्रेकर लावल्या क्षणी ट्रिप होतील, कारण गेलेला प्रवाह परत येताना दिसत नाही. तिथे एकच दोन-पोल ब्रेकर लागतो. जीएफसीआयचं बटण हाताला लागेल अशा जागी हवं, फ्रीजरच्या मागे नको. फ्रीजर किंवा संप पंप (बेसमेंटात साचणारं पाणी उपसणारा) असेल तर त्यांना स्वतंत्र सर्किट आणि वीज गेल्याचा अलार्म लावा. ट्रिप झालेलं कळलं नाही तर आठवड्याने वासावरून कळतं, आणि पंपाचं पाण्यावरून.

इन्स्पेक्टरशी मतभेद झाला तर पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न एकच: 'कलम क्रमांक लिहून द्याल का?' भांडणाच्या सुरात नको. क्रमांक दिला की तुम्ही वाचू शकता, स्थानिक बदल तपासू शकता. क्रमांक देता आला नाही तर ती त्याची सवय असते, कोड नव्हे. 'मी नेहमी असंच मागतो' याला कायद्याचं बळ नाही. त्यावर समाधान झालं नाही तर गावाच्या इलेक्ट्रिकल सबकोड ऑफिशियलशी बोला, मग कन्स्ट्रक्शन ऑफिशियलशी. त्यापुढे काउंटीचं अपील मंडळ आहे, पण लेखी निर्णय हाती आल्यापासून १५ दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि ही मुदत लोक ईमेलांच्या देवाणघेवाणीत घालवतात. अट मान्य आहे पण जागेमुळे जमत नाही, असं असेल तर अपील नको, 'व्हेरिएशन'चा अर्ज द्या आणि त्याऐवजी तेवढीच सुरक्षा कशी देणार ते लिहा. एनईसीचं कलम ९०.४ अर्थ लावण्याचा आणि अशी सूट देण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला देतं. चांगला इन्स्पेक्टर तो जपून वापरतो.

जुन्या वायरिंगचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण घर विकताना येईलच. नवीन आवृत्ती आली म्हणून जुनं काम बेकायदा होत नाही. न्यू जर्सीत जुन्या इमारतींसाठी १९९८ पासून वेगळा रिहॅबिलिटेशन सबकोड आहे, दुरुस्ती, नूतनीकरण, फेरबदल, पुनर्रचना अशा पायऱ्यांनी अटी वाढत जातात, आणि ज्याला हात लावला नाही ते बहुधा तसंच राहतं. साधा आउटलेट किंवा स्विच तसाच दुसरा बसवायला परमिट लागत नाही, पण जिथे जीएफसीआय लागतो त्या जागेचा आउटलेट या सवलतीत येत नाही. दोन भोकांचा, अर्थिंग नसलेला जुना आउटलेट बदलताना तीन भोकांचा नुसता बसवणं ही चूक. अर्थिंग नसताना तिथे जीएफसीआय लावून त्यावर 'नो इक्विपमेंट ग्राउंड' असं लेबल चिकटवायचं. लेबलं जीएफसीआयच्या डब्यात येतात आणि लोक ती फेकून देतात.

परमिटशिवाय काम करून टाकलं तर? न्यू जर्सीत २,००० डॉलरपर्यंत दंड आहे, पण खरा त्रास दंडाचा नाही. घर विकताना खरेदीदाराचा वकील गावाकडे परमिटची नोंद मागतो, सार्वजनिक नोंदींच्या कायद्यानुसार ती मिळते, आणि जाहिरातीत 'फिनिश्ड बेसमेंट' पण नोंदीत काही नाही असं निघतं. मग व्यवहाराच्या तोंडावर भिंती उघडा, आणि तपासणी आजच्या आवृत्तीने. उघडी राहिलेली, फायनल न झालेली परमिटंही तेवढाच घोळ घालतात. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता फायनलचा हिरवा स्टिकर दिसेपर्यंत हातात ठेवा.

आता घरघंटी. भारतातून आणलेली, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिच्यासाठी बेसमेंटात २४० व्होल्टचा आउटलेट घालता येतो: १५ अँपियरचा दोन-पोल ब्रेकर, १४ गेजची केबल, नेमा ६-१५ (NEMA 6-15) प्रकारचा आउटलेट, आणि हे काम परमिटवर लिहायचं. २०२० च्या आवृत्तीत बेसमेंटच्या २५० व्होल्टपर्यंतच्या आउटलेटनाही जीएफसीआय लागतो, म्हणून तो ब्रेकर दोन-पोल जीएफसीआयच घ्या. इन्स्पेक्टर आउटलेट तपासेल, घंटी तपासणार नाही. पण घंटीवर यूएल किंवा ईटीएलसारखी इथली मान्यता नसेल, आणि काही झालं तर विमा कंपनी त्याबद्दल विचारू शकते, हे धरून चाला.

दोन तांत्रिक गोष्टी मात्र लक्षात ठेवा. इथे २४० व्होल्ट म्हणजे दोन्ही तारा जिवंत, न्यूट्रल नाही. घंटीवरचा भारतीय स्विच एकच तार तोडत असेल तर बंद केल्यावरही दुसऱ्या तारेवर जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट असतात. त्यामुळे जाळी बदलायला किंवा झाकण उघडायला स्विचवर विसंबू नका, प्लग काढा. दुसरं, वीज ६० हर्ट्झची असल्याने मोटर सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरते; दळण भरभर होतं पण भार वाढून मोटर तापते. एका वेळी थोडं दळा आणि मधे थांबा. ट्रान्सफॉर्मर विकत घेऊन हे सुटत नाही, त्याने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ तेच राहतात.